बाप गेला, फोटो राहिला. आणखी काय राहिले?



दर आठवड्याला आमच्या हाती काही कार्डे पडतात. आता पुष्कळशी मोबाईलवरही येतात. वर पंचशील ध्वज, एका बाजूला तथागत, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब, मधोमध एका वडीलधाऱ्या माणसाचा फोटो, आणि खाली लिहिलेले असते : कालकथित अमुक अमुक यांचा पुण्यानुमोदन कार्यक्रम. मग स्थळ, वेळ, भोजनदान आणि ‘आपले दुःखांकित’ म्हणून मुला-नातवंडांची नावे. त्या माणसाबद्दल मात्र तीनच शब्द असतात. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू.

आम्ही ही कार्डे जपून ठेवतो. पण सगळी एकाखाली एक ठेवून वाचली की मनाला चुटपुट लागते. एकाने जन्मभर गिरणीत साचे चालवले. दुसऱ्याने गोदीत पाठीवर गोणी वाहिल्या. तिसऱ्याने रेल्वेत खलाशी म्हणून उन्हापावसात रूळ सांभाळले. चौथ्याने पहाटे चारला उठून शहराचे रस्ते झाडले आणि त्याच हाताने पोरीच्या वहीला कव्हर घातले. कार्डावर हे चारही बाप सारखेच. फोटो बदलला तर कार्ड दुसऱ्याला चालेल!

बाप गेला की लेकरांनी त्याची आठवण कशी ठेवायची, हा आजचा विषय आहे. आपल्या समाजापुढे तो जरा वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. बावीस प्रतिज्ञांत आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. कावळ्याची वाट पाहणे सोडले. जुने सोडले ते चांगलेच केले. पण जुने गेल्यावर त्या जागी आपण काय ठेवले? पुष्कळ घरांत त्या जागी मंडप, जेवणावळ आणि मोठा बॅनर आला आहे. म्हणून जरा शांतपणे बसून विचार करू या.

सिगाल आणि त्याच्या बापाचा शब्द

दीघनिकायात सिगालोवाद नावाचे एक सुत्त आहे. गृहस्थांनी वाचावे असे ते सुत्त आहे. तथागत राजगृहाजवळ वेळुवनात राहत होते. एके दिवशी सकाळी भिक्षेला जाताना त्यांना सिगाल नावाचा एक तरुण दिसला. कपडे ओले, केस ओले, हात जोडलेले. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना तो नमस्कार करीत होता. असे का करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला की वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, त्यांच्या शब्दाचा मान म्हणून करतो.

तथागत त्याच्या बापाला हसले नाहीत. त्याचा नमस्कारही त्यांनी बंद पाडला नाही. त्यांनी फक्त दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायको-मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या सहा जणांशी नीट वागलास की सहा दिशांना नमस्कार झाला.

मग त्यांनी आईवडिलांविषयी मुलांची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांनी मला पोसले, आता मी त्यांना पोसावे. त्यांची कामे मी करावीत. घराण्याची चांगली रीत पुढे चालवावी. त्यांच्या वारशाला मी लायक व्हावे. आणि ते गेल्यावर त्यांच्या नावाने दान करावे.

आता हे पाच बोटांवर मोजून पाहा. माणूस गेल्यावरचे असे खास कर्तव्य एकच आहे, शेवटचे. पहिली दोन तो जिवंत असतानाची आहेत. मधली दोन, रीत चालवणे आणि वारशाला लायक होणे, ही आपण स्वतः जिवंत असेपर्यंत संपत नाहीत. आणि आपण बहुतेक सगळा पैसा आणि सगळी धावपळ कशावर खर्च करतो? पाचव्यावर. तेही एका दिवसात!

सुभेदारांचा मुलगा

गेलेल्या बापाची आठवण मुलाने कशी ठेवली, याचे एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात भिंतीवर आहे. बाबासाहेबांचा फोटो आपण रोज पाहतो. त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी मात्र घरात कमीच बोलले जाते.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. फौजेत नोकरी, तिथल्याच शाळेत मास्तरकी, पुढे हेडमास्तर. पेन्शनीनंतर दापोली, मग सातारा, मग मुंबई. भीमाबाई लवकर वारल्या तेव्हा भीम लहान होता. आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळले. मुंबईत लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत चूल, धूर, भांडीकुंडी, सरपण, जाते आणि शेळी. चाळीत राहिलेल्या आमच्या वाचकांना हे चित्र समजावून सांगायला नको.

अशा खोलीत पोरगा अभ्यास कसा करणार? रामजींनी उपाय काढला. भीमाला संध्याकाळी लवकर झोपवायचे. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता पोराला उठवायचे आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पोरगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. एका माणसाच्या झोपण्याची जागा बाप-लेकाने अशी पाळ्या लावून वापरली. आपल्या समाजाचे शिक्षण असे सुरू झाले. कुणाच्या देणगीच्या आधी बापाची झोप त्यात गेली.

पुस्तकांचीही तीच कथा. शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तके वाचायचा भीमाला नाद. बाप रागवायचा, पण पुस्तक आणायचा. पैसे नसले की आधी धाकट्या लेकीच्या घरी जायचा. तिच्याकडे नसले की थोरल्या लेकीकडे. तिच्याकडे रोकड नसेल तर ती लग्नात मिळालेला एखादा दागिना काढून द्यायची. तो मारवाड्याकडे गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचे, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत जायचा. या दागिन्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. समाजाने सत्कार करायचे ठरवले तेव्हा रामजींनी आधी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा तर पास केली, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. केळुसकर गुरुजींनी समजावले तेव्हा ते कबूल झाले. त्याच सभेत गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. बापाने हट्ट सोडला नसता तर ते पुस्तक त्या दिवशी हाती पडले नसते.

सुरतेचे स्टेशन

१९१३ च्या जानेवारीत बी.ए. झालेले भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत तार आली की वडील अत्यवस्थ आहेत. ते लगेच निघाले. वाटेत सुरतेला गाडी थांबली. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले आणि गाडी चुकली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे मुलालाच शोधत होते. मुलगा दिसला, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपली मुले आज पुण्याला, सुरतेला, आखातात, कुठे कुठे पोटासाठी गेली आहेत. बाप गेल्याचा फोन येतो आणि सुट्टी मिळत नाही, रिझर्वेशन मिळत नाही, विमानाचे भाडे परवडत नाही. कुणी मातीला पोहोचतो, कुणी पुण्यानुमोदनालाच येतो. मग तो जन्मभर मनाला खात बसतो : मी वेळेवर नव्हतो. आणि नातेवाईकांत एखादा तरी असा असतोच, जो चारचौघांत म्हणतो, शेवटचे पाणीसुद्धा पाजता आले नाही पोराला.

असे बोलणाऱ्यांनी जीभ आवरावी. गाडी बाबासाहेबांचीही चुकली होती, आणि ती मायेपोटी चुकली होती. बापाजवळ शेवटच्या घटकेला कोण होते, यावरून लेकराची माया मोजता येत नाही. माणूस हयात असतानाच्या सगळ्या वर्षांत कोण होते, हे पाहावे. बापाने मुलाला बाहेर जाऊन शिकायला आणि कमवायला सांगितले असेल, तर लांब असणे हेही त्याच्याच शब्दाचे पालन आहे.

दहा वर्षांनंतरची अर्पणपत्रिका

वडील गेल्यावर सहा महिन्यांच्या आत, १९१३ च्या जुलैत, भीमराव बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले. हे पाहायला रामजी नव्हते. पुढे लंडन झाले. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ छापला गेला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाची आणि दाखवलेल्या जाणतेपणाची कृतज्ञता तिथे नोंदवली.

जरा थांबून पाहा. ज्या बापाने चार-दोन रुपयांसाठी लेकींची दारे ठोठावली, त्याच्या आठवणीला वाहिलेला ग्रंथ रुपयाविषयीच होता! मुलगा दहा वर्षे बापाला विसरला नव्हता. बापाने ज्या कामासाठी झोप मोडली ते काम पुरे केले, आणि त्यावर बापाचे नाव घातले. सिगालाला सांगितलेले चौथे कर्तव्य, वारशाला लायक होणे, ते हेच.

आपल्यातला प्रत्येक जण ग्रंथ लिहू शकणार नाही, हे आम्हालाही कळते. पण बापाचे एक अर्धवट काम प्रत्येक घरात असते. कुणाला लेकीला नर्स करायचे होते. कुणाला गावच्या विहाराला पाण्याची टाकी बांधायची होती. कुणाला भावाशी वीस वर्षे तुटलेले बोलणे पुन्हा जोडायचे होते. ते काम शोधून काढा. पुरे झाले की त्याच्या नावाने झाले असे चार माणसांत सांगा.

गोड तेवढेच आठवायचे काय?

आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असे म्हणतात. शोकसभेत ते ठीक आहे. पण घरातल्या घरात, लेकरांच्या मनात, खरे काय ते राहू द्यावे.

बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ रोजी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही, पण आज ती उपलब्ध आहे. वयाच्या पासष्टीला टेकलेला मुलगा, वडील जाऊन त्रेचाळीस वर्षे झालेली, आणि तरी वडिलांविषयी ते किती मोकळेपणाने लिहितात! वडील धार्मिक होते, भावंडांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना हिणवले आहे ते आम्ही का वाचावे, असे मुलाने विचारले. वडिलांना ते आवडले नाही. लहान आहात, सांगितले तेवढे करा, असे त्यांचे उत्तर. पुढे त्यांनी कारणही दिले : आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात कमीपणा बसेल, द्रोण आणि कर्ण हे लहान स्थितीतून किती उंच गेले ते पाहा. मुलाला हे उत्तर पटले नाही, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवले. वडील करडे होते, घरात त्यांचीच सत्ता चाले, आणि आई लहानपणीच गेल्यामुळे आपल्या एकट्यालाच थोडी मोकळीक मिळे, असेही ते सांगतात.

एवढे मतभेद लिहूनही त्या मजकुरात बापाचा अपमान कुठे दिसत नाही. उलट रामजी अधिक खरे वाटतात. घरातली कबीरपंथाची भक्ती बाबासाहेबांनी टाकून दिली नाही. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असे ते सांगत. पोथ्यांवरची श्रद्धा मात्र त्यांनी घेतली नाही. बापाच्या घरातून काय उचलायचे आणि काय तिथेच ठेवायचे, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवले.

आता आपल्या घरांकडे येऊ. काही बाप दारू पीत होते. पगाराच्या दिवशी पाकीट गुत्त्यावर रिकामे करून येत होते. बायकोवर हात टाकत होते. अशा बापाचे पोर शोकसभेत ‘प्रेमळ आणि मनमिळाऊ’ ऐकते तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल? आणि भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या आईच्या मनात काय होत असेल? आम्ही म्हणतो, अशा घरानेही बापाची आठवण ठेवावी, पण खरी. तो पीत होता, त्याने आईला त्रास दिला, आणि त्यानेच १९८२ च्या गिरणी संपात काम गेल्यावर हातगाडी ओढून आपल्याला जगवले. दोन्ही खरे आहे. त्याच्यावर माया होती आणि त्याचा रागही होता, हे एका मनात मावते. त्याच्या फोटोसमोर पंचशील घेताना पाचवे शील मोठ्याने आणि मनापासून म्हणा, आणि ती दारू त्याच्यापाशीच थांबवा. असा मुलगा बापाचे मोठे ऋण फेडतो.

आईच्या बांगड्या

बाप गेल्यावर घरात जिवंत राहते ती आई. त्याची खरी आठवण तीच असते. आणि आपण तिच्याशी काय करतो?

आम्हाला सांगायला दुःख होते, पण आजही आपल्या काही घरांत नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, तिला कोपऱ्यात बसवतात. पुढे हळदीकुंकवालाच काय, नातवाच्या नामकरणालाही ती मागे उभी राहते. श्राद्ध सोडले, पिंड सोडले, आणि ही रीत तेवढी ठेवली! आयुष्यभर ज्या माणसाबरोबर तिने संसार ओढला, त्याच्या मृत्यूची शिक्षा तिला का? बौद्धाचार्यांनी आणि भंतेजींनी अंत्यविधीच्या आधीच घरच्या बायांना हे स्पष्ट सांगावे. थोरल्या सुनेने पुढे होऊन सासूचे हात धरावे आणि म्हणावे, “आत्याबाई, बांगड्या राहू द्या.” एका घरात असे झाल्याचे आम्ही पाहिले आहे. सगळे घर गप्प झाले, आणि मग शेजारच्या म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावून रडू लागल्या. त्यांच्या वेळी कुणी हात धरले नव्हते.

दुसरी गोष्ट पैशाची. कार्यक्रमासाठी व्याजाने पैसे काढू नका. वडील पाचशे पानांचे जेवण घाला असे सांगून गेलेले नसतात. आमच्या ओळखीच्या एका घरी मंडप, केटरिंग आणि बॅनर यांच्या कर्जाचे हप्ते चालू होते आणि आईच्या साखरेच्या गोळ्या आणायला पैसे नव्हते. तथागतांनी सांगितलेले दान हे नव्हे. त्रिशरण, पंचशील, परित्राण पाठ, चार शब्द आठवणीचे आणि चहा. एवढ्यात पुण्यानुमोदन पूर्ण होते. दान करायचेच असेल तर वस्तीतल्या एका मुलाची वर्षाची पुस्तके घ्या. रामजींना दागिना गहाण ठेवून जे करावे लागले, ते एका घराला करावे लागणार नाही.

लेकींचा दागिना

आता त्या दागिन्याकडे येऊ. बाबासाहेबांच्या शिक्षणात बहिणींच्या दागिन्यांचा वाटा आहे. आपल्या घरांतही हेच आहे. भावाच्या फीसाठी बहिणीने शाळा सोडली. भावाच्या नोकरीसाठी तिच्या लग्नाचे पैसे गेले. बाप आजारी पडला तेव्हा सासरहून येऊन तिनेच त्याची अंथरुणे धुतली. आणि बाप गेला की भाऊ कागद पुढे करतात, “ताई, इथे सही कर, फक्त नावाची आहे.” ती सही हक्कसोडीची असते.

म्हणून कायदा माहीत असावा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याने स्वतः कमावलेल्या मालमत्तेत त्याची बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, या सगळ्यांचा सारखा वाटा असतो. मुलगी लग्न झालेली असो की नसो. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्यासाठी ती दुरुस्ती आली त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल अडवले गेले हे एक मोठे कारण होते. स्त्रियांचा हा हक्क त्यासाठीच होता. त्यांच्या फोटोखाली बसून बहिणीची सही उकळणे शोभत नाही.

बहिणीला आपणहून वाटा सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण आधी तिला सगळे कागद वाचून दाखवा, आठवडाभर विचार करू द्या, आणि बापाच्या पहिल्या महिन्यात हा विषयच काढू नका.

कागदांची कामे मात्र लांबणीवर टाकू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्याव्यात. वडील फंडाचे सभासद असतील तर आईला विधवा पेन्शन मिळू शकते का, ते फंडाच्या कचेरीत विचारावे. बँकेत नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव असले तरी तेवढ्याने ती रक्कम त्याची एकट्याची होत नाही. तो ती ताब्यात घेतो, वारसांचा हक्क राहतो. हे माहीत नसल्याने भावाभावांत कायमची वैरे झालेली आम्ही पाहिली आहेत.

दोनशे पानी वही

आता शेवटची, पण आमच्या मते सर्वात निकडीची गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या त्या मैदानावर जे तरुण होते, ते आज हयात असले तर नव्वदीच्या आसपास आहेत. नामांतराच्या लढ्यात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, ते सत्तरीला आले. गिरण्यांचे भोंगे ऐकून उठणारी पिढी एक एक करून जात आहे. मोठ्या पुढाऱ्यांची चरित्रे छापली गेली. आपल्या बापाचे चरित्र कोण लिहिणार? ते काम आपल्याच घरात व्हायला हवे.

एका लेकीने केले ते सांगतो. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी तिने बॅनर केला नाही. दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की आबांची एक आठवण सांगा, मी लिहून घेते. कुणी म्हणाले, आबा रात्रपाळीहून येताना दूध घेऊन यायचे, शेजारच्या तान्ह्या पोरासाठी. चाळीतल्या एका म्हातारीने सांगितले की अर्ध्या चाळीच्या पोरांचे शाळेचे फॉर्म आबांनीच भरले, तिच्या तिन्ही पोरांचेसुद्धा. लेकीला यातले काहीच माहीत नव्हते. तिला वाटत होते की आबा घरी आले की नुसते झोपत. सांजेपर्यंत चाळीस पाने भरली. ती वही आज त्या घरात बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी ठेवलेली आहे.

वाचकांनी हे करून पाहावे. गाव कोणते, ते कधी आणि का सोडले, कोणत्या खात्यात काम केले, पहिला पगार किती होता, सही करायला कुणी शिकवले, धम्मदीक्षा कुठे घेतली, कोणत्या मोर्चात गेले, काय खायला आवडे, कशाचा राग येई. एवढे तरी लिहावे. जुनी पेटी उघडून पाहावी. हजेरीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, विहाराच्या वर्गणीची पावती, शाळेचा दाखला, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे. रद्दीत देऊ नये. त्या चार चिठोऱ्यांत आपल्या समाजाचा इतिहास आहे.

आणि ज्यांचे वडील अजून हयात आहेत, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. पाच कर्तव्यांपैकी पहिली दोन अजून तुमच्या हातात आहेत. ती पाचव्याच्या रांगेत टाकू नका. म्हातारा माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो म्हणून कंटाळू नका. या रविवारी टीव्ही बंद करा, त्यांच्या खाटेजवळ बसा, मोबाईलवर आवाज टिपायचे बटण दाबा आणि विचारा, “बाबा, तुम्ही पहिल्यांदा मुंबईला आलात तेव्हा कुठे उतरला होतात?”

मग मधे बोलू नका. त्यांना सांगू द्या.

जयभीम.